चोपन्न तासांची कोरी जागा

साडेबारा महिने ज्या पडद्यावर एक हिरवी रेघ होती, तिथे सोमवारी सकाळी समुद्र होता. कुठलाही, कोणाचाही नसलेला, छायाचित्रासाठी गप्प बसवलेला निळा समुद्र. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत वेळ, आठ चाळीस, खाली माझं नाव आणि पासवर्डची रिकामी चौकट. मी खांद्यावरची पिशवी काढली नाही. संगणकाच्या डावीकडे, हात पोचेल एवढ्या अंतरावर, चाचणीचा लोखंडी सांगाडा उभा असतो. त्याच्याकडे मी लगेच पाहिलं नाही, समुद्राकडेच बघत राहिले. काही गोष्टी डोळ्याच्या कोपऱ्याला आधीच कळलेल्या असतात, आणि मान वळवायला लागणारे दोन सेकंद एवढीच काय ती आपल्याला मिळणारी सवलत. मग मान वळवली. वजनं खाली, रबराच्या गादीवर टेकली होती. शुक्रवारी ती गादीच्या वीतभर वर होती, हवेत.

आमच्याकडे पोलाद मरायला ठेवतात, असं मी नव्याने आलेल्यांना सांगते, आणि ते हसतात. पण काम तेवढंच आहे. वीजकेंद्रातल्या वाफेच्या जुन्या नळातून कापलेली, पेन्सिलीएवढी जाड कांडी घ्यायची, भट्टीत पाचशे चाळीस अंशांवर धरायची, तरफेच्या टोकाला वजनं टांगायची आणि वाट बघायची. वजन इतकं बेताचं असतं की कांडी तुटत नाही, फक्त लांबते. सुरुवातीला जरा भरभर, नव्या ओझ्याची सवय होईपर्यंत. मग महिनेच्या महिने एकाच संथ गतीने, इतक्या की पडद्यावरची रेघ आडवीच वाटावी. बघणाऱ्याला वाटतं, हिला काही होतच नाहीये. आणि शेवटी कधीतरी रेघ उचलते, चढते, उभी राहते आणि संपते. कांडी किती तासांनी तुटली हे सगळ्यांनाच हवं असतं, आणि ते कसंही मिळतं. मला हवा होता तो शेवटचा चढ. रेघ पहिल्यांदा उचलते तिथपासून तुटेपर्यंत पोलाद किती अवधी देतं? तसले नळ अजून कितीतरी ठिकाणी चालू आहेत, त्यांच्याखालून माणसं रोज ये-जा करतात, आणि तो अवधी दोन तासांचा की दोन दिवसांचा, हे कोणी नीट मोजलेलं नाही. याआधी तीन कांड्या तुटल्या, तेव्हा नोंदी हाताने होत, सकाळी एक, संध्याकाळी एक. तिन्ही चढ मिळून माझ्याकडे अकरा ठिपके होते. अकरा ठिपक्यांतून कुठलीही रेघ काढता येते. ही चौथी कांडी, त्या नळातली शेवटची. हिची नोंद संगणक दर मिनिटाला करत होता. मला निवृत्त व्हायला आठ महिने होते. सगळं कसं बरोबर जमून आलं होतं.

संगणकाला मी कधी वैरी मानलं नाही. त्याला मधून मधून अपडेट लागतं, ते सुरक्षेसाठी असतं, हे मला मान्य आहे. केव्हा, एवढंच त्याने विचारावं. तो विचारतो, पण त्याच्या पद्धतीने. अपडेट थांबवून ठेवता येतं, फार तर पाच आठवडे. त्यानंतर एकदा घ्यावंच लागतं. तुमच्या कामाच्या वेळा सांगा, त्या वेळात मी आपणहून रीस्टार्ट होणार नाही, असंही तो म्हणतो; पण अठरा तासांच्या वर सांगू देत नाही. कुठेतरी कोणीतरी ठरवून टाकलं आहे की दिवसातले सहा तास कोणाचंच काही चाललेलं नसतं. पोलाद त्या सहा तासांतही लांबत असतं. मी सकाळी आठ ते रात्री दोन अशी वेळ भरली आणि उरलेल्या सहा तासांसाठी स्वतःला शिस्त लावून घेतली. दर पाचव्या शुक्रवारी पाचच्या सुमारास सगळ्या नोंदी दुसरीकडे उतरवायच्या, अपडेट स्वतः सुरू करायचं, समोर बसून राहायचं, यंत्र पुन्हा उठलं की नोंदींचा प्रोग्रॅम हाताने चालू करायचा (तो जुना आहे, आपणहून उठत नाही) आणि पुढच्या पाच आठवड्यांसाठी अपडेट पुन्हा थांबवायचं. रेघेत वीस मिनिटांची फट पडते. ती मी नोंदवहीत लाल पेन्सिलीने दाखवते. अशा दहा फटी झाल्या होत्या. अकरावी या शुक्रवारी पडायची होती, आणि वहीत शुक्रवारच्या पानावर लाल काही नव्हतं.

संगणक विभागातल्या माणसाला आमच्याकडे सगळे ‘बंद-चालू’ म्हणतात, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याचं पहिलं औषध तेच. तोंडावर म्हणतात, तो चिडत नाही. मी फोन केल्यावर तो दहा मिनिटांत आला, पडद्यावरचा समुद्र बघून म्हणाला, “काय मॅडम, आज तर औषध आधीच देऊन ठेवलंय कोणीतरी.” मग माझ्याकडे पाहिलं, खाली टेकलेल्या वजनांकडे पाहिलं, आणि यंत्राची आतली यादी उघडली. यंत्र स्वतःचं सगळं लिहून ठेवतं, मिनिटासकट. त्याला माझ्यापेक्षा आळस कमी.

“शनिवार, पहाटे दोन दहा. रीस्टार्ट.”

“आपोआप?”

“आपोआपच, पण...” त्याने यादी वर सरकवली. “आधी कोणीतरी हो म्हटलेलं आहे.”

“कोणी?”

त्याने खुर्ची थोडी बाजूला घेतली. मी वाकून वाचलं. शुक्रवार, चार बावन्न. आज रात्री करा. माझं नाव.

“बोट लागतं हो कधी कधी,” तो म्हणाला. “आजकालचे माऊस तर काय, जोरात श्वास सोडला तरी क्लिक होतं. सोडा.” आणि मग, “हे वर कळवायचं का मॅडम? नाही म्हणजे, माझं कंत्राट याच महिन्यात... तुम्ही सांगाल तसं.”

मी म्हटलं, बघते. बोट लागलं नव्हतं, हे मला तोवर आठवलं होतं.

शुक्रवारी दुपारी बारा दहाला रेघ उचलली होती. बाकी कोणाला दिसली नसती. मी पडद्याला पट्टी लावून पाहिली, मागच्या आठवड्याचा वेग काढला, त्या दिवसाचा काढला. वेग तिप्पट झाला होता. मी उठले, हात धुतले, परत येऊन तोच हिशेब पहिल्यापासून केला. शनिवारी-रविवारी येऊन इथे बसायचं ठरवलं. कोणाला सांगितलं नाही. मला आनंद झाला की मी सांगत नाही, सांगितलं की त्यात कोणीतरी काहीतरी सुचवतं. नोंदी उतरवून झाल्या, लाल पेन्सिल काढून ठेवली, आणि पाचला दहा कमी असताना घरून फोन आला.

“ऐक ना, दादा परवा येतोय,” हे म्हणाले. “कायमचाच म्हण. तिथं एकट्याचं आता काही खरं नाही त्याचं.”

“परवा?”

“रविवारी. त्याला आतली लहान खोली देऊ. तुझं टेबल तेवढं गॅलरीत घेऊ. उलट तिथं उजेड बरा आहे. उद्या दोघं मिळून हलवू, तू असशीलच. चालेल ना?”

त्या खोलीला आम्ही लहान म्हणतो, पण तिला दार आहे. एकवीस वर्षं माझं टेबल तिथे आहे. दार लावून मी तिथे काय करते, असं मुलीने लहानपणी एकदा विचारलं होतं आणि ह्यांनी सांगितलं होतं, आई तिथे बसते. ते खरंच होतं. मी तिथे बसते. मला हे सगळं फोनवर एका वाक्यात सांगता येण्यासारखं नव्हतं आणि ह्यांना दोन वाक्यं ऐकायची सवय नाही. नाही म्हणायला कारण लागतं, हो म्हणायला लागत नाही. आणि नेमकी त्याच वेळी पडद्यावर चौकट आली. पाच आठवडे संपले, अपडेट तयार आहे, आज रात्री करू का? ती बरोबर रेघेच्या टोकावर येऊन बसली, जिथे रेघ उचलली होती तिथेच, आणि मला रेघ दिसेना. दोघं एकाच वेळी उत्तराची वाट बघत होते. दोघांनाही एकच उत्तर हवं होतं, आणि दोघांनीही ते आधीच लिहून आणलं होतं, मी फक्त सही करायची. मी फोनमध्ये “बरं” म्हणाले आणि बोटाने निळं बटण दाबलं. चौकट गेली. फोन ठेवला गेला. रेघ दिसायला लागली. किती शांत वाटलं होतं, तेही आठवलं. मी पिशवी उचलून निघाले. पेन्सिल हातात घेतलेली आठवते, ठेवलेली आठवत नाही.

शनिवारी टेबल हलवलं. ते दारातून निघेना, तेव्हा ह्यांनी त्याचे पाय काढले. हे तसे प्रेमळ आहेत. आवाज चढवत नाहीत, स्वतः राबतात, घामाघूम होतात आणि मग म्हणतात, बघ, किती मोकळं झालं. मुलीच्या बाळंतपणाला मी दीड महिना गेले होते, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातली सगळी फडताळं बदलली होती. मी परत आले आणि अंधारात हात घातला तर मिठाच्या जागी साबण. “तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस,” ते हसून म्हणाले, आणि मीही हसले, कारण ते खरं होतं. पुष्कळ महिने हात जुन्या जागी जात राहिला. मग जायचा थांबला. यालाच आमच्या कामात सुरुवातीचा टप्पा म्हणतात. शनिवारी मी टेबलाचे खण रिकामे केले, खोली पुसली, दिरांसाठी चादरी काढल्या, आणि दिवसभर मनात एकच समाधान धरून होते, की मी नसले तरी नोंद होतेय. दर मिनिटाला एक ठिपका. रविवारी दुपारी दीर आले. दारातच म्हणाले, “तुमची खोली घेतली हो मी.” मी म्हटलं, “छे, भावजी, माझी कसली.” त्यांचं सामान लावलं. त्या वेळी कांडी तुटली असेल, किंवा शनिवारी, टेबलाचा तिसरा पाय निघत होता तेव्हा. शनिवार पहाटे दोन दहा ते सोमवार सकाळी आठ चाळीस. चोपन्न तास तीस मिनिटं. त्यातलं कुठलंही मिनिट.

विभागप्रमुख अकराला आले. कुठलंही यंत्र ते लांबूनच बघतात.

“तुटली?”

“तुटली, सर.”

“मग सुटलात की! अहवाल किती दिवस अडकलाय. तास किती?”

“नऊ हजार दोनशे सत्तावन्न आणि नऊ हजार तीनशे अकराच्या मधे. मधली नोंद नाही.”

“मधला आकडा धरा. नऊ हजारांत पंचवीस-तीस इकडे तिकडे, कोण विचारतंय?”

ते चूक बोलत नव्हते. चूक पाव टक्क्याहून थोडीच जास्त येते. मी म्हटलं, “मला शेवटचा चढ हवा होता.”

“काढा ना मग. आधीच्या तीन आहेत, त्यांच्या चालीवर पुढे न्या. तुमचा हात चांगला आहे.” ते सांगाड्याभोवती एक चक्कर मारून आले. वजनांच्या खाली पूर्वी एक बारकं घड्याळ असे. वजन पडलं की त्याचा खटका दबायचा आणि ते थांबायचं. संगणक आला तेव्हा सरांनीच ते काढायला लावलं, एका कामाला दोन यंत्रं कशाला म्हणून. ते माझ्या खणात आहे. “आणि कारणात लिहा, संगणक विभागाचा निष्काळजीपणा. त्या बंद-चालूला मी बघतो. कंत्राट आहेच संपत आलेलं.”

“सर, होकार मी दिला होता. शुक्रवारी, चार बावन्नला. त्या यादीत माझं नाव आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, उलट कीवच होती. “बाई, आठ महिने राहिलेत तुमचे. कशाला अंगावर ओढून घेता? तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.” दाराशी जाऊन वळले. “आणि मग पुढचे प्रश्न येतात. हा संगणक नेटवर्कवर होताच कशाला, वगैरे. नसते फाटे.”

हा संगणक नेटवर्कवरून काढा, असे दोन अर्ज मी केले होते. पहिल्याला उत्तर आलं नाही, दुसऱ्यावर त्यांच्या अक्षरात होतं: सगळी यंत्रं एका शिस्तीत असलेली बरी. अर्ज फाइलमध्ये आहेत. त्यांना माझं भलं कुठे सुरू होतं आणि स्वतःचं कुठे संपतं हे खरंच कळत नसावं. कोणालाच कळत नाही. मला तेव्हा वाईट वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. इतक्या वर्षांत एक गोष्ट मी माझ्या बोटाने केली होती, तीही मला माझी म्हणून ठेवू देत नव्हते.

दुपारी भट्टी निवली. मी कांडीचे दोन तुकडे बाहेर काढले आणि टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवले. तुटलेली टोकं समोरासमोर ठेवून भिंगातून पाहिली. जिथे तुटली तिथे कांडी बारीक झालेली होती, मानेसारखी. म्हणजे एकाएकी नाही तुटली. लांबली, बारीक झाली, आतून तिला बारक्या बारक्या भेगा गेल्या, त्या एकमेकींना मिळाल्या, आणि हे सगळं व्हायला वेळ लागला. तिने अवधी दिला होता. किती, ते विचारायला समोर कोणी नव्हतं. मला संशोधनाची पदवी पुरी करायची होती, तेव्हा ह्यांनीही असंच म्हटलं होतं, नंतर कर, पळून जातेय का? सासूबाई गेल्या की, मुलगी शाळेत लागली की, मुलगी शाळेतून निघाली की. मी प्रत्येक वेळी बरं म्हटलं. मला कोणी कोंडलं नव्हतं, कोणी हात उगारला नव्हता. बरं म्हटलं की समोरची चौकट जाते आणि थोडा वेळ पडदा मोकळा दिसतो, म्हणून म्हणत आले. हे दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकण्यासारखं नाही. यादी काढली तर प्रत्येक ओळीपुढे माझंच नाव असणार.

पाचला दहा कमी असताना फोन वाजला.

“तुझ्या त्या वह्यांच्या दोन पेट्या आहेत ना खोलीत,” हे म्हणाले, “त्या माळ्यावर टाकायच्या का? दादाला पाय ठेवायला जागा नाही.”

त्या पेट्यांत माझं अर्धवट राहिलेलं संशोधन आहे. पडद्यावर, समुद्र जाऊन आता रिकाम्या झालेल्या पडद्यावर, चौकट आली. अपडेट जवळजवळ पूर्ण. आणखी एकदा रीस्टार्ट आवश्यक. उत्तर न मिळाल्यास पंधरा मिनिटांत आपोआप होईल. खाली सेकंद उलटे पळत होते.

“हॅलो? ऐकतेस ना? गप्प म्हणजे हो समजू का?”

“नाही,” मी म्हणाले.

माझा आवाज मला नीट ऐकू आला. प्रयोगशाळेत भट्टीची घरघर नव्हती, म्हणून असेल.

“काय नाही?”

“पेट्या वर टाकायच्या नाहीत.”

मग हे हसले, नेहमीसारखं, मनापासून. “अगं, टाकल्यासुद्धा. सकाळीच. दादाचा पलंग यायचा होता ना. म्हटलं, तरी तुला एकदा विचारावं.”

मी फोन पालथा ठेवला. चौकटीत अकरा मिनिटं उरली होती. यंत्रात आता वाचवण्यासारखं काही नव्हतं; मी कुठेच बोट लावलं नाही, सेकंद पळू दिले. नोंदवही उघडली. शनिवार पहाटेपासून सोमवार सकाळपर्यंतचा पट्टा लाल पेन्सिलीने आखला. दहा बारीक फटींच्या शेजारी तो फार रुंद दिसत होता. त्यात चढ काढला नाही, जागा कोरी ठेवली. मग पेन घेतलं, कारण पेन्सिलीचं खोडता येतं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: अपडेटला होकार मी दिला, शुक्रवार, चार बावन्न. खाली सही केली. एक रकाना उरला होता. तो मीच या कांडीसाठी नव्याने आखला होता, पहिल्या दिवशी, पट्टीने, मोठ्या हौसेने. तुटण्यापूर्वी सूचना मिळाली का? पडदा काळा झाला, आणि पुन्हा समुद्र आला. मी लिहिलं: होय. शुक्रवारी दुपारी, बारा दहाला. पाहिली होती.